माणसं पेरणारी बाई

खिडकीबाईंचं खरं नाव विचारलं असतं तर नाट्यगृहातल्या निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं. एकाच नाटकाच्या तिकीट-खिडकीवर एकवीस वर्षं बसल्यावर बाईचं नाव खिडकीच पडणार, दुसरं काय. खिडकी तरी कसली, भिंतीत पाडलेलं एक भोक. त्याला पितळी जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट, आणि आत एक स्टूल, एक टेबलफॅन नि टेबलावर पसरलेला प्लॅन. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. खाली एकोणीस रांगा, रांगेत वीस खुर्च्या. वर बाल्कनीत आणखी एकशे साठ. विकलेल्या खुर्चीवर बाई लाल पेन्सिलीनं फुली मारत.

जग फोनवरून तिकिटं काढायला लागलं तेव्हा नाटकाच्या निर्मात्यांनीही ती सोय केली. बाईंनी त्यात पाचर मारून ठेवली. पैसे फोनवर भरा, खुर्ची मात्र खिडकीवर येऊन घ्या. निर्माते म्हणाले, "बाई, असं कुठंच नसतं." बाई म्हणाल्या, "मग आपल्याकडे असू दे." निर्मात्यांनी तसं असू दिलं. बाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

या हट्टामागे कारण होतं. बाई माणसं पेरत. पैसे देऊन टाळ्या वाजवायला बसवलेली भाडोत्री माणसं नव्हेत. तिकीट काढून आलेली चांगली सरळ माणसं, पण कोण कुठे बसणार हे बाई ठरवत. रंगमंचावरून, तोंडावर दिवे असताना, नटांना पुढच्या सात-आठ रांगाच काय त्या दिसतात, मागे नुसता काळोख. म्हणून या रांगांत जोडपं, मग दोन खुर्च्या मोकळ्या, मग तिघंजण, असं करत जायचं. मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्च्या आधी भरायच्या. जाडजूड माणूस आला की त्याला पुढे, त्याच्या मागची खुर्ची आपोआप झाकली जाते. खिडकीशी मोठ्यानं बोलणारा माणूस मोठ्यानंच हसणार, हे बाईंना अनुभवानं ठाऊक. असे चौघं मिळाले की चार कोपऱ्यांत चौघं, म्हणजे हसू चहूकडून आल्यासारखं वाटतं. शंभर माणसांत बाई दोनशेंचा हॉल उभा करत. कुणी शिकवलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही.

हे सुरू कसं झालं तेही त्यांना आठवत होतं. तेरा वर्षांपूर्वी एका खोकणाऱ्या माणसानं एकट्याला बाजूची खुर्ची मागितली. बाईंनी त्याला सहाव्या रांगेच्या टोकाला बसवलं. त्या दिवशी आजोबा घरी जाताना खिडकीशी थांबून म्हणाले, "आज सहाव्या रांगेपर्यंत लोक होते, मजा आली." बाईंना वाटलं, एका माणसात एवढं काम होत असेल तर काय वाईट.

आजोबा म्हणजे नाटकातले आजोबा. नाटक साधं होतं. एक म्हातारा बहिऱ्याचं सोंग घेतो आणि घरातले आपल्याबद्दल आपल्या तोंडासमोर काय काय बोलतात ते ऐकत बसतो. नाटक सुरू झालं तेव्हा आजोबा बेचाळीस वर्षांचे होते. सुरकुत्या काढायला रंगभूषाकाराला पाऊण तास लागे. आता ते त्रेसष्टचे झाले होते आणि नुसती टोपी घालून उभे राहत.

पहिल्या सात-आठ वर्षांत हाउसफुल्लची पाटी काढायला बाईंना वेळ व्हायचा नाही. मग प्रेक्षक ओसरले. धबाधब नाही, केस गळतात तसे. आठवड्याला सहा प्रयोग, प्रयोगाला कधी दीडशे, कधी एकशे तीस. नाट्यगृहाचं भाडं वाढलं, दिव्यांचं बिल वाढलं, सोफ्याचं कापड तिसऱ्यांदा फाटलं. आणि सातही नटांची नाइट ठरलेली. नाइट म्हणजे एका प्रयोगाचा मेहनताना. हॉलमध्ये पाचशे माणसं असोत की पाच, ती द्यायचीच. या सगळ्याचा मेळ घालायचा तर रोज दोनशे दहा तिकिटं खपायला हवी होती. खपत होती एकशे पंधरा-वीस.

एका गुरुवारी प्रयोगाआधी निर्मात्यांनी सगळ्यांना रंगपटात बोलावलं. रंगपट म्हणजे नटांची रंगरंगोटीची खोली. एक लांब आरसा, त्याभोवती दिवे, आणि खुर्च्यांच्या पाठीवर सातजणांचे कपडे. नाट्यगृहाच्या मॅनेजरनं कळवलं होतं की पुढच्या तीन महिन्यांचं भाडं रविवारच्या प्रयोगापर्यंत भरा, नाहीतर हॉल दुसऱ्याला देतो. निर्माते म्हणाले, "भाडं मी भरतो. घरातलं मोडून भरतो. पण तुम्ही नाइट सोडा आणि गल्ल्यात वाटा घ्या. मग एकशे वीस तिकिटांतही नाटक तगतं. नाहीतर रविवारी शेवटचा प्रयोग."

आता या निर्मात्यांना पाठीमागे सगळे उद्यापासून म्हणत. उद्यापासून नवा पडदा, उद्यापासून गरम पाणी, उद्यापासून पगारवाढ. असा माणूस खरं बोलायला लागला तर ते ओळखायचं कसं?

"एकशे वीस?" नाटकातली सून म्हणाली. ती अकरा वर्षं त्या घरची सून होती, आधीच्या सुनेला स्वतःची सून आल्यावर हिला घेतलं होतं. "काल हॉल भरलेला होता. मी बघितलाय."

"प्लॅन आणून दाखवतो."

"प्लॅनवर फुल्या कुणीही मारेल."

"मग बाईंना विचारा."

दारातच उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, "काल एकशे बारा होते."

आजोबा हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानंच हसले, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "बाई, पगार यांच्याकडून घेता, यांचीच बाजू घेणार. तुमची चूक नाही. पण मी एकवीस वर्षं त्या रंगमंचावर उभा आहे. भरलेला हॉल आणि रिकामा हॉल मला कळत नाही का?"

बाई तशाच मागे फिरल्या. त्या दिवशी एकशे नऊ माणसं आली आणि रागाच्या भरातही बाईंनी ती इतकी सुरेख पेरली की पडदा पडल्यावर सून निर्मात्यांकडे बघून भुवया उडवून गेली.

बाईंचे यजमान याच नाटकाचे सुतार. नाटकातल्या घराचा जिना, खिडक्या, आजोबांची डुलती खुर्ची, सगळं त्यांच्या हातचं. कंबर धरल्यापासून ते घरी होते, आणि घरात जे जे डुगडुगत होतं ते सगळं त्यांनी केव्हाच नीट करून टाकलं होतं. बाईंनी चपला काढता काढता सगळं सांगितलं.

"खरं सांगितलं तरी विश्वास नाही. एकवीस वर्षांनी."

"कसा ठेवतील?" सुतार म्हणाले.

"म्हणजे?"

"तूच त्यांना रोज भरलेला हॉल दाखवतेस. आणि आज तोंडानं सांगतेस की तो रिकामा आहे. माणूस डोळ्यांचं ऐकतो."

"मी दाखवते म्हणून ते जीव ओतून काम करतात. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून बघा एकदा."

"मी कशाला उभा राहू, मी सुतार. मला एवढंच माहीत आहे, त्या जिन्याची पाचवी पायरी आतून सडली होती. दर महिन्याला मी तिला रंग मारायचो. नवी फळी मागितली की तुझे निर्माते म्हणायचे, पायरी तर झकास दिसतेय. शेवटी एक दिवस रंग खरवडून दाखवली."

"आणि ते म्हणाले असतील, उद्यापासून."

"म्हणाले. पण तोवर मी पायरी काढून घरी आणली होती."

बाईंना हसू आलं नाही. त्यांना राग आला होता, आणि राग अशासाठी की नवऱ्याचं म्हणणं खरं होतं. तेरा वर्षं ज्या कामाचा त्यांना अभिमान वाटला त्यानंच नाटकाचा गळा आवळला होता. नटांना धोका दिसला असता तर त्यांनी कधीच हातपाय हलवले असते. धोका बाईंनी दिसू दिला नव्हता. त्या जेवल्या, भांडी जरा आपटतच घासली, आणि सकाळी नवऱ्याला सांगितलं की चहा तुमचा तुम्ही करून घ्या. सुतारांनी दोघांचा केला.

रविवारी चारचा प्रयोग. दोन वाजताच निर्माते खिडकीशी आले आणि फटीतून फुकट पासांची जाडजूड गड्डी आत सरकवली. "बाई, आज शंभरेक पास वाटून टाका. मॅनेजर स्वतः येणार आहेत. हॉल भरलेला दिसला तर भाड्याला मुदत मागता येईल."

बाईंनी गड्डी तशीच बाहेर सरकवली. "भरलेला दिसतोय म्हणूनच मरतोय आपण."

"बाई, आजचा दिवस ऐका माझं."

"आजचाच दिवस नाही ऐकणार. बाल्कनीला कुलूप घालून किल्ली मला आणून द्या."

निर्मात्यांनी गड्डी उचलली आणि किल्ली आणून दिली.

तीनपासून माणसं यायला लागली. बाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि एकोणिसाव्या, शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली. एकोणीस एक, एकोणीस दोन, एकोणीस तीन. खांद्याला खांदा. ती भरल्यावर अठरावी. मध्ये फट नाही, कोपरा नाही, वाटेच्या कडेचं कौतुक नाही. हाताला सवय नव्हती. दोनदा पेन्सिल आपसूक तिसऱ्या रांगेकडे गेली आणि बाईंनी ती मागे ओढली.

मुलीचा हात धरून आलेली एक बाई म्हणाली, "पुढे द्या ना. पुढे सगळं मोकळं दिसतंय."

"पुढच्या रांगा आज बंद आहेत."

"का?"

"मी बंद केल्यात."

तिसरी घंटा झाली तेव्हा चौदाव्या रांगेत तीन खुर्च्या उरल्या होत्या. एकशे सतरा माणसं. पुढच्या तेरा रांगांत चिटपाखरू नव्हतं.

बाईंनी खिडकी लावली आणि स्टुलावर बसून राहिल्या. खिडकीची खोली शेवटच्या रांगेच्या भिंतीला लागून होती. बाईंनी नाटक एकवीस वर्षांत बघितलं होतं चार वेळा, पण ऐकलं होतं हजारो वेळा. चौदाव्या मिनिटाला पहिला मोठा लाफ्टर. सून आजोबांच्या कानाशी तीनदा ओरडते, आजोबा ढिम्म. मग ती स्वतःशीच पुटपुटते, कपाटाची किल्ली म्हाताऱ्यानं कुठे ठेवलीय कुणास ठाऊक, आणि आजोबांचा हात झटकन खिशावर जातो. इथे हॉल हसतो. गेली काही वर्षं ते हसू इथून थोडं, तिथून थोडं असं यायचं, कुणीतरी फुटाणे सांडल्यासारखं.

आज सुरुवातीला नटांचे आवाज डळमळले. सुनेचं एक वाक्य चुकलं, आजोबांचं एक राहूनच गेलं. त्यांना दिसलं होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले. चौदावं मिनिट आलं, सून पुटपुटली, आणि भिंत हादरली.

बाईंना आधी वाटलं, लोक भिंतीजवळ आहेत म्हणून आवाज मोठा येतोय. पण मोठा आवाज वेगळा आणि हे वेगळं. एक हसला म्हणून शेजारचा हसत होता, शेजारचा हसला म्हणून मागचा, आणि थांबत आलेलं हसू कुणाच्या तरी फिसकन हसण्यानं पुन्हा पेटत होतं. असं हसू त्यांनी हाउसफुल्लच्या दिवसांनंतर ऐकलं नव्हतं. तेरा वर्षं बाई माणसांना एकमेकांपासून तोडून बसवत होत्या. चांगले हसणारे चौघं वेचून चार कोपऱ्यांत कोंबत होत्या आणि त्याला कसब म्हणत होत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं किती आणि आनंदाचं किती, हे त्यांनी मोजलं नाही.

मध्यंतर झालं आणि पाचव्या मिनिटाला खिडकीवर काठीची टकटक झाली. बाईंनी खिडकी उघडली. जाळीपलीकडे आजोबा उभे होते, टोपी, काठी, नाटकातला विटका स्वेटर, सगळ्यासकट. वेशातला नट प्रेक्षकांच्या दालनात आल्याचं बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. लोक वाट सोडून बघत राहिले. मागे सून होती.

"बाई, आज लोक इतके कमी का?"

"आज कमी नाहीत," बाई म्हणाल्या. "आज रोजच्याइतकेच आहेत."

त्यांनी प्लॅन उचलून जाळीला लावला. मागच्या सहा रांगा लाल, पुढे सगळं पांढरं. मग टेबलाच्या खणातून शनिवारचा काढून शेजारी धरला. त्यावरही तेवढ्याच फुल्या होत्या, पण पुढच्या रांगांत जास्त नि मागे थेट बाल्कनीपर्यंत शिंपडलेल्या. आजोबांनी चष्मा नसल्यानं नाक अगदी जाळीला टेकवून पाहिलं. ते फुल्या मोजत नव्हते. त्यांना कळलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत," सून म्हणाली.

"हो."

सुनेची नाही ऐकण्याची तयारी होती.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं," बाई म्हणाल्या. "मलाही बरं वाटायचं. गुरुवारी तोंडानं खरं सांगितलं तर तुम्ही हसलात. म्हणून आज डोळ्यांना सांगितलं. रागवायचं तर रागवा. पण नाटक बंद पडणार असेल तर ते सगळ्यांच्या देखत पडेल. माझ्या पांघरुणाखाली पडणार नाही."

आजोबा काठीवर रेलले. मग विचारलं, "आणि हे लाफ्टर कुठून येत होते? समोर तर स्मशान होतं. मला वाटलं, मला वेड लागलं."

"एकशे सतराच आहेत. फक्त एकमेकांशेजारी आहेत."

दुसऱ्या अंकाची घंटा झाली. आजोबा वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. "एकवीस वर्षं बहिऱ्याचं सोंग केलं," ते म्हणाले, "आणि खरा ठार बहिरा गुरुवारी झालो." एवढं बोलून ते आत गेले, आणि सुतारांच्या जिन्यावरून खाली येत त्यांनी काळोखाकडे बघून असा काही दुसरा अंक केला की मॅनेजर भाड्याचं बोलायला विसरून शेवटपर्यंत बसून राहिले. विसरले म्हणजे तेवढ्यापुरते. पडदा पडल्यावर आठवलं त्यांना.

रंगपटात सातांपैकी सहांनी वाटा कबूल केला. सातव्याचं, म्हणजे नाटकातल्या शेजाऱ्याचं, घर तेवढ्यात भागणारं नव्हतं; तो निघाला, आणि त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. शेजाऱ्याची वाक्यं मोलकरणीला दिली. निर्मात्यांनी मॅनेजरच्या हातावर भाडं ठेवलं. मग बाई म्हणाल्या की त्यांच्याही अटी आहेत. बाल्कनी बंद, तिथले दिवे बंद, पंखे बंद. लोक बसतील ते पहिल्या सहा-सात रांगांत, खांद्याला खांदा लावून. आणि रोज किती माणसं आली तो आकडा सगळ्यांना दिसेल असा इथे रंगपटात लागेल.

"उत्तम," निर्माते म्हणाले. "उद्यापासून एक छान फळा..."

"आजपासून."

बाईंनी टेबलावरची भुवया काढायची काळी पेन्सिल उचलली आणि आरशावर, दिव्यांच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं, एकशे सतरा. सून आरशासमोर चेहरा पुसत होती. आकडा नेमका तिच्या कपाळावर आला होता. ती बाजूला सरकली नाही.

त्यानंतर आरशावर आकडे चढले, उतरले. एकशे चोवीस. एकशे आठ, त्या दिवशी चहा तसाच निवला. एकशे एकोणचाळीस. आजोबा स्वतः जाऊन दुकानांच्या दारांवर पत्रकं चिकटवायला लागले. सुनेनं फाटका सोफा घरी नेऊन शिवला. दीड महिन्यात सरासरी एकशे वीसच्या आसपास लोंबकळत राहिली, कधी केसभर वर, कधी केसभर खाली, आणि नाटक उघडं राहिलं.

एका मंगळवारी एकशे एकोणीस तिकिटं गेली होती. तिसरी घंटा व्हायला दोन मिनिटं होती. एक गृहस्थ खिडकीशी आला, चांगल्या कपड्यांतला. त्यानं आत डोकावून प्लॅन पाहिला.

"एक द्या. पण मला दहाव्या रांगेत, एकट्याला. शेजारी कुणी नको."

निर्माते खिडकीच्या खोलीतच उभे होते. त्यांनी मान हलवून बाईंना खूण केली, द्या, द्या.

"सहाव्या रांगेत मिळेल," बाई म्हणाल्या. "शेजारी माणूस आहे."

"अहो, चारशे खुर्च्या रिकाम्या आहेत."

"आहेत. त्या तशाच राहणार आहेत."

"मी एकटाच आरामात बघतो."

"मग घरी बसून बघा काहीतरी. इथे लोकांत बसावं लागतं."

गृहस्थानं बाईंकडे पाहिलं, पाकीट खिशात घातलं आणि निघून गेला. तो परत येईल म्हणून निर्माते दारापर्यंत जाऊन पाहून आले. तो परत आला नाही.

"बाई, एकशे विसावा होता तो," निर्माते कळवळून म्हणाले. "एक खुर्ची बाजूला दिली असती तर काय बिघडलं असतं?"

"तेरा वर्षांपूर्वी मी एकालाच दिली होती," बाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडे पडदा वर गेला. बाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली, मागच्या दारानं रंगपटात जाऊन काळी पेन्सिल घेतली आणि आरशावर लिहिलं, एकशे एकोणीस. निर्माते मागे उभे होते. एकानं काय होतंय, वीस लिहा, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. बाईंनी आकड्याखाली उद्याच्या प्रयोगाची वेळ लिहिली आणि चौदाव्या मिनिटाच्या आत आपल्या स्टुलावर परत जाऊन बसल्या.